शालेय ग्रंथालयाचा तास आणि बालसाहित्य : एका प्रयोगाची हकीगत

शाळेच्या वेळापत्रकात 'ग्रंथालय' असे लिहिलेला एक चौकोन असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, आणि त्या चौकोनात गणिताचा राहिलेला भाग पुरा करून घेतल्याचेही बहुतेकांना आठवत असेल. माझी आठवण तरी अशीच आहे. माध्यमिक शाळेतील पाच वर्षांत शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके मी दोनदा हाती घेतली. एकदा वक्तृत्व स्पर्धेसाठी, आणि एकदा पुस्तकांचे कपाट दुसऱ्या खोलीत हलवायचे होते म्हणून.

गेल्या वर्षी मराठी विभागाच्या क्षेत्रीय प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला हा चौकोन आठवला. विभागप्रमुखांच्या पत्रामुळे जवळच्या एका माध्यमिक शाळेतील आठवीच्या एका तुकडीचा ग्रंथालयाचा तास मला दर गुरुवारी मिळाला. जुलै ते जानेवारी या काळात, सुट्ट्या आणि परीक्षा वगळता, असे एकोणीस तास झाले. बालसाहित्य आणि किशोरसाहित्य यांचा उपयोग शाळेच्या ग्रंथालयात शिकवण्यासाठी कसा करावा, हा माझा विषय होता. त्याचे संपूर्ण उत्तर मला सापडले असा माझा दावा नाही. मात्र एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. ती आपल्या महाविद्यालयातील, विशेषतः पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडेल, एवढ्याच भावनेने हा लेख लिहीत आहे.

कपाट आणि किल्ली

या शाळेत ग्रंथालयासाठी वेगळी खोली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत दोन लोखंडी कपाटे होती. लहान शाळांना स्वतंत्र ग्रंथपाल सहसा नसतोच. त्यामुळे इथेही हे काम एका शिक्षकांकडे जादा म्हणून आले होते. कपाटांना कुलूप होते आणि किल्ली त्या सरांच्या खिशात. याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. पुस्तक हरवले तर तपासणीच्या वेळी उत्तर त्यांनाच द्यावे लागते. पुस्तक कोणी वाचले नाही तर मात्र कोणीच कोणाला उत्तर विचारत नाही. कपाटांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होती आणि पुस्तकांची दाखल रजिस्टरला, परंतु कपाट उघडतच नसल्यामुळे आतली पुस्तकेही एका अर्थी डेडस्टॉकच झाली होती.

वस्तुतः कायदा मुलांच्या बाजूचा आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, आणि तेथे वृत्तपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांच्या पुस्तकांबरोबर गोष्टींच्या पुस्तकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याहून कितीतरी आधी, १९३१ साली, डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला पहिलाच सिद्धांत पुस्तकाच्या वापराविषयी आहे, आणि पुढचे दोन वाचकाला त्याचे पुस्तक व पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी. आमच्या कपाटात सुमारे सहाशे पुस्तके होती आणि बाहेर आठवीची बेचाळीस मुले. त्यांची गाठ घालून देणे एवढेच काम होते. ते मला फार सोपे वाटले होते.

बालसाहित्य आणि तात्पर्य

पुढील चूक समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. छापील मराठी बालसाहित्याचा जन्म शाळेच्या अंगणात झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापाच्या कथा १८२८ साली प्रसिद्ध झाल्या, त्या प्रामुख्याने शिकणाऱ्या मुलांसाठी. पुढे १८७२ साली मिशनऱ्यांचे 'बालबोधमेवा', १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' आणि १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' अशी मासिके निघाली. मुलांसाठी काही वेगळे लिहावे ही जाणीव या सर्वांनी मराठीत रुजवली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण मुलाला गोष्ट द्यायची ती तिच्या शेवटी काहीतरी शिकवण मिळते म्हणून, ही समजूतही त्याच काळात पक्की झाली. इसापाच्या गोष्टीखाली जाड ठशात छापलेले 'तात्पर्य' आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

लेखक मात्र या चौकटीबाहेर केव्हाच पडले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मुलांना आवडला तो खराखुरा, धडपड्या मुलगा म्हणून. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' मासिक सुरू केले, आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे त्यांनी मराठी मुलांच्या हवाली केला. तो तर उपदेशासाठी एका जागी थांबतच नाही. विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) या संग्रहांतून मुलांना शुद्ध गंमत दिली. १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' मासिक निघत आहे. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने अगदी लहान मुलांच्या रोजच्या जगण्यातून पुस्तके उभी केली. लेखकांनी अशा रीतीने तात्पर्याची साथ सोडली, परंतु शिकवणाऱ्यांनी ती सोडलेली नाही. पुस्तक कोणतेही असो, ते शाळेत आले की त्याच्या खाली आपण आपले तात्पर्य चिकटवतोच. मीही तेच केले.

पहिली चूक

माझ्या दुसऱ्या तासाला मी साने गुरुजींची 'श्यामची आई' घेऊन गेलो. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक निवडण्यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही. त्याची रचनाच बेचाळीस रात्रींची आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो, म्हणजे ते मुळातच ऐकण्याचे पुस्तक आहे. मी एक रात्र वाचून दाखवली. वर्ग अगदी शांत होता. मागच्या बाकावरच्या दोघांनी खिडकीबाहेर पाहणेही थांबवले होते. इथे मी पुस्तक मिटून गप्प बसलो असतो तर बरे झाले असते. त्याऐवजी मी फळ्यावर लिहिले : 'आईचे महत्त्व पाच ओळींत लिहा.'

दहा मिनिटांत एकेचाळीस कागद आले. जवळजवळ सगळ्यांवर आई म्हणजे ममतेचा सागर होती, आणि बहुतेकांवर ती ईश्वराचे रूपही होती. ही वाक्ये श्यामच्या आईची नव्हती आणि त्या मुलांच्या आयांचीही नव्हती. ती निबंधमालेची होती. बेचाळिसावा कागद कोरा होता. तो ज्या मुलाचा होता त्याला मी उभे केले आणि सर्वांदेखत विचारले, "स्वतःच्या आईबद्दल एक वाक्यही सुचत नाही का रे तुला?" तो काही बोलला नाही. खाली मान घालून उभा राहिला, आणि तास संपेपर्यंत तसाच राहिला, कारण त्याला बसायला सांगण्याचे मी विसरलो.

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "सर, त्याला परत असं विचारू नका. त्याची आई इथं नसते." आमच्या खानापूर-आटपाडी भागातील पुष्कळ कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत, हे मला परके नाही. माझ्याच आळीतली चार घरे वर्षातून दोनदा उघडतात, दिवाळीला आणि यात्रेला. या मुलाचे आईवडील तमिळनाडूतील एका गावात होते. त्याचे पाचवीपर्यंतचे शिक्षण तिकडेच झाले, आणि मग त्याला आजीआजोबांकडे पाठवण्यात आले. घरात मराठी बोलत असल्यामुळे तो मराठी आपल्यासारखीच बोलायचा, पण देवनागरी त्याला सहावीत प्रथम भेटली. जोडाक्षर आले की तो थांबायचा. वर्गात त्याला सगळे 'ढ' समजत होते. ग्रंथालयाच्या पहिल्या तासाला त्याने कपाटातले सर्वांत जाडजूड पुस्तक मागून घेतले होते, आणि तासभर त्याने त्याचे एकही पान उलटले नव्हते. ते मी पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता.

त्या रात्री मी प्रकल्पाच्या वहीत काही लिहू शकलो नाही. माझ्या एका प्रश्नाने एकेचाळीस मुलांना खोटे लिहायला लावले होते, आणि एकाला खोटे लिहिता येत नव्हते म्हणून मी त्याला शिक्षा केली होती.

दोन प्रकारचे वाचन

लुईज रोझेनब्लाट या अमेरिकन विदुषीने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वाचनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत, त्या मला या वेळी उपयोगी पडल्या. एका तऱ्हेत वाचून झाल्यावर हाती काय उरते याकडे वाचकाचे लक्ष असते. औषधाच्या बाटलीवरची सूचना आपण अशीच वाचतो. दुसऱ्या तऱ्हेत वाचत असताना मनात काय घडते तेच महत्त्वाचे असते. कथा-कविता वाचाव्यात त्या अशा. एकच मजकूर दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो. तो कसा वाचायचा हे मुलाला शिक्षकाच्या पुढच्या प्रश्नावरून समजते. गोष्टीनंतर 'यातून काय बोध मिळतो' असा प्रश्न येणार हे मुलाला ठाऊक असेल तर ते गोष्ट ऐकतच नाही, उत्तर शोधत बसते.

गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात हीच गोष्ट एका शिक्षकाच्या तोंडून सांगितली आहे. तो शिक्षक वर्गाला ताळ्यावर आणण्यासाठी गोष्टीपासून सुरुवात करतो आणि तिथून वर्गाच्या वाचनालयापर्यंत पोहोचतो. मराठीत ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे जे काम बोर्डी आणि कोसबाडला केले, त्यामागेही मुलाला आधी मोकळे होऊ द्यावे हीच दृष्टी होती. मी काही नवे शोधले नाही. मला एवढेच ठरवायचे होते की, पुढचा तास कसा घ्यायचा.

तासाची मांडणी

तास पस्तीस मिनिटांचा होता. त्याचे मी तीन भाग केले. विषयशिक्षकांना ही मांडणी सहज वापरता येईल, म्हणून थोड्या तपशिलाने देतो.

पहिली दहा मिनिटे प्रकट वाचन. मी वाचायचे, मुलांनी ऐकायचे. त्यांच्यापुढे पुस्तक, वही, पेन्सिल काही नाही. वाचन मुद्दाम अवघड जागी थांबवायचे. फास्टर फेणेची गोष्ट मी तो संकटात सापडलेला असताना मिटली तेव्हा वर्गात जो ओरडा झाला, त्याने शेजारच्या वर्गातले सर दारात आले.

पुढची पंधरा मिनिटे पुस्तकांची निवड आणि मूक वाचन. किल्ली मिळवण्यासाठी मी मुख्याध्यापकांना लेखी हमी दिली की, माझ्या तासात हरवलेल्या पुस्तकांची भरपाई मी करीन. कपाटातली शंभर पुस्तके आम्ही बाकांवर उताणी मांडत असू. कपाटात पुस्तकाची पाठ दिसते, बाकावर तोंड दिसते, आणि मुले पुस्तक तोंड पाहून निवडतात. एखादे पुस्तक आवडले नाही तर ते अर्धवट सोडून दुसरे घेण्याची मुभा होती. ही मुभा पहिल्यांदा कोणालाच खरी वाटली नाही.

शेवटची दहा मिनिटे गप्पा. बोध, सार, स्वभावचित्र यांपैकी काहीही विचारायचे नाही असा नियम मी स्वतःला घातला. तीनच प्रश्न ठेवले. काय आवडले? काय खटकले? काय कळले नाही? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत फलदायी ठरला. 'कळले नाही' असे म्हणण्याची परवानगी शाळेत फार क्वचित मिळते.

ग्रंथालयाची कौशल्ये यातूनच आपोआप शिकवता आली. फास्टर फेणेच्या त्या पुस्तकाची प्रत एकच आणि मागणारे सतरा, म्हणून मागणीची यादी करावी लागली. यादी आली म्हणून परत करण्याची तारीख आली, तारीख आली म्हणून देवघेव नोंदवही आली. नोंदवही मुलांनीच आखली. पुढे पुस्तके लवकर सापडावीत म्हणून त्यांनी स्वतःचे वर्गीकरण केले आणि पाठीवर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या : हसायची, भीतीची, प्राण्यांची, खऱ्या माणसांची, प्रयोगांची आणि रडायची. शास्त्रीय वर्गीकरणाचे दहा वर्ग मी त्यानंतर सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, त्यात रडायची कुठं ठेवायची?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण वर्गीकरण म्हणजे काय हे त्या वर्गाला समजले आहे, याबद्दल माझी खात्री पटली.

एका प्रश्नाचा प्रवास

मुले गोष्टीत रमली तर अभ्यास कधी होणार, अशी शंका शिक्षकांच्या खोलीत वारंवार निघत असे. तिला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोहोचवण्यात भा. रा. भागवतांचा मोठा वाटा आहे. व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाच्या कादंबरीचे एक मराठी रूपांतर आमच्या कपाटात होते. ते मी चार तासांत वाचून दाखवले. नायक लंडनहून पूर्वेकडे निघतो आणि सुएझ, मुंबई, कोलकाता, हाँगकाँग, योकोहामा, अमेरिका असा परततो. आपण पैज हरलो असे त्याला वाटते, आणि मग एक दिवस हातात शिल्लक असल्याचे कळते. 'काय कळले नाही' या प्रश्नाला त्या दिवशी एकच उत्तर आले, "सर, एक दिवस आला कुठनं?"

मी उत्तर सांगितले नाही. पुढच्या गुरुवारी भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीगोल आला. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे, हा हिशेब मुलांनी भूगोलाच्या पुस्तकातून स्वतः काढला. पूर्वेकडे जाणाऱ्याला दर अंशाला सूर्य चार मिनिटे लवकर भेटतो. पूर्ण फेरीत त्याचे चोवीस तास होतात. एका मुलाने पृथ्वीगोलावर बोट फिरवत सगळ्यांना हे समजावून दिले. हेच ज्ञान धड्यातून दिले असते तर ते परीक्षेपुरते राहिले असते.

याहून मौजेची गोष्ट पुढे झाली. कादंबरीत मुंबईहून कोलकात्याला जाताना लोहमार्ग मध्येच अपुरा असतो, आणि नायकाला हत्ती विकत घेऊन जंगलातून जावे लागते. कपाटातच भारतीय रेल्वेच्या इतिहासावर एक लहान पुस्तक होते. दोन मुलींनी त्यातून शोधून काढले की मुंबई-कोलकाता लोहमार्ग १८७० साली जोडला गेला, आणि कादंबरीतला प्रवास १८७२ चा आहे! मग लेखकाने असे खोटे का लिहिले? वर्गात बराच वाद झाला. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, "त्याला गोष्टीत हत्ती आणायचा हुता, म्हणून." वास्तव आणि कल्पित यांच्या संबंधावर आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना जी टिपणे दिली जातात, त्यांचा सारांश या वाक्यात आला आहे असे मला वाटते.

सोपे पुस्तक आणि मोठा वाचक

आता त्या कोऱ्या कागदाच्या मुलाकडे वळतो.

त्याला सोपी, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके हवी होती हे उघड होते. ती कपाटात होतीही. पण आठवीतल्या मुलाच्या हाती दुसरीचे पुस्तक देणे म्हणजे त्याला पुन्हा सर्वांदेखत उभे करण्यासारखेच होते. वाचनात मागे राहिलेल्या मोठ्या मुलांची ही अडचण सर्वत्र आहे. त्यांना जे वाचता येते ते त्यांना लाजिरवाणे वाटते, आणि जे वाचायला आवडेल ते वाचता येत नाही.

वर्गशिक्षिकांनीच वाट सुचवली. रस्त्यापलीकडे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. तेथील दुसरीच्या मुलांना दर पंधरा दिवसांनी आठवीच्या मुलांनी गोष्ट वाचून दाखवावी असे ठरले. सहा जण पुढे आले. तो आला नाही. मी त्याला फक्त पुस्तकांची पेटी उचलायला बरोबर घेतले. दुसऱ्या खेपेला सहांपैकी एक जण आजारी होता, आणि मी त्याला सहज म्हणालो, "आज तू वाचशील का? तालीम करू आधी." आता सोपे पुस्तक हे त्याच्यासाठी नव्हते. ते धाकट्यांसाठी होते, आणि ते नीट वाचणे ही त्याची जबाबदारी होती. व्हरांड्यात आम्ही माधुरी पुरंदरे यांचे एक चित्रपुस्तक पाच वेळा वाचले. जोडाक्षरांखाली त्याने पेन्सिलीने बारीक टिंबे दिली.

त्या दिवशी तो अडखळला, पण दुसरीच्या मुलांनी ते मनावर घेतले नाही. तीही अडखळतच वाचतात. पुढच्या वेळी त्याने प्राण्यांच्या चित्रांचे पुस्तक नेले आणि मध्येच थांबून स्वतःहून सांगितले की, तमिळमध्ये हत्तीला यानै म्हणतात, मांजराला पूनै आणि वाघाला पुली. वर्गात एकच दंगा झाला. 'दादा, सशाला काय? दादा, कावळ्याला काय?' जे ज्ञान आठवीच्या वर्गात त्याचा कमीपणा ठरले होते, ते इथे त्याचा मोठेपणा झाले. आठवीतली जी पाच मुले बरोबर होती त्यांनी ही बातमी वर्गात नेली, आणि मग आठवीच्या मुलांनीही त्याला शब्द विचारायला सुरुवात केली.

आपल्यासारखे बोलणारे पुस्तक

किशोरवयीन मुलांसाठी मराठीत लेखन कमी आहे अशी तक्रार नेहमी होते, आणि ती खोटी नाही. पण जे आहे तेही शाळेपर्यंत पोहोचत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास' (१९९४) मध्ये भेटतो. तोही आजीआजोबांजवळ राहतो. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) नववीच्या मुलांचीच गोष्ट आहे. ही पुस्तके मोठ्यांच्या कपाटात राहतात आणि ज्यांच्याविषयी ती आहेत ती मुले बाहेर.

मी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) पहिली काही पाने वाचली. एका लहानशा धनगरवाडीत नवा मास्तर येतो, ती ही गोष्ट. माडगूळकर आमच्याच आटपाडी तालुक्यातले. अर्धे पान झाले नसेल, तोच एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "आयला, ह्यो आपल्यावानीच बोलतुया की!" पुस्तक आपल्यासारखे बोलू शकते, हे त्याला तोपर्यंत कोणी दाखवले नव्हते. वर्गात मेंढपाळ कुटुंबातली एक मुलगी होती. ती वर्षातले काही महिने कळपामागे गेलेल्या घरच्यांची वाट पाहत चुलत्याकडे राहायची. सहा महिन्यांत ती गप्पांच्या वेळी एकदाही बोलली नव्हती. त्या दिवशी तिने उठून रात्री मेंढरे कोंडायची वाघर कशी लावतात ते हातवारे करून सांगितले. मी चुकीचे सांगितले होते, ते तिने दुरुस्त केले. त्या तासाला शिकवणारी तीच होती.

अडचणी

हा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. चार पुस्तके हरवली. त्यांपैकी दोन परत आली, एक पावसात भिजलेली. दोनांची भरपाई मी केली. बेचाळीसपैकी सात-आठ मुलांना पुस्तकात शेवटपर्यंत गोडी वाटली नाही. त्यांना मैदानावर जायचे होते, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. परीक्षा जवळ आल्यावर दोन तास पुन्हा गणिताला गेले. नवी पुस्तके घ्यायला पैसे नव्हते. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, ते आम्ही शाळेच्या संगणकावर पाहिले, पण संगणक एकच होता. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी सगळी पुस्तके बाहेर आली, फोटो काढले गेले, आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कपाटाला पुन्हा कुलूप होते. एका दिवसाच्या उत्सवापेक्षा दर आठवड्याच्या पस्तीस मिनिटांची किंमत अधिक आहे, हे त्या दिवशी मला पटले.

समारोप

शेवटच्या तासाला मी मुलांना काहीही लिहायला सांगितले नाही. मात्र देवघेव नोंदवहीत 'मत' असा एक रकाना मुलांनी आखलेला होता, आणि त्यात लिहायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. मी वही चाळत होतो. त्या मुलाच्या नावापुढे, दुसरीला वाचून दाखवलेल्या चित्रपुस्तकासमोर, दोन ओळी होत्या : 'हे पुस्तक मी आईला फोनवर वाचून दाखवले. ती हसली आणि परत वाच म्हणाली.' 'पुस्तक' या शब्दातले जोडाक्षर चुकले होते. मी ते दुरुस्त केले नाही. पाच महिन्यांपूर्वी मी मागितलेल्या पाच ओळींपैकी दोन मला मिळाल्या होत्या, आणि त्या माझ्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या.

बालसाहित्याचा उपयोग शिकवण्यासाठी जरूर करावा. त्यातून भाषा येते, भूगोल येतो, शोधण्याची सवय लागते. पण हे सर्व पुस्तक आवडल्यानंतर येते, आधी नाही. म्हणून ग्रंथालयाच्या तासात शिक्षकाने निवडावे, वाचून दाखवावे, ऐकावे, आणि तात्पर्य काढण्याचा मोह आवरावा. ते काढायचेच असेल तर मूल स्वतः काढील, त्याच्या सवडीने, आणि बहुधा आपल्याला न सांगता.

जाता जाता एक विनंती. आपल्या महाविद्यालयाच्या परिसरात पाच माध्यमिक शाळा आहेत. आमच्या विभागातील दहा विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास दिला तर त्या पाचही शाळांतील कपाटे दर आठवड्याला उघडतील. त्या शाळेतील किल्ली मुख्याध्यापकांनी आता वर्गाच्या दोन प्रतिनिधींकडे गुरुवारपुरती द्यायचे मान्य केले आहे. येत्या जूनपासून गुरुवारचा तास घ्यायला मात्र कोणीतरी हवे आहे, कारण माझे हे शेवटचे वर्ष. ज्यांना इच्छा असेल त्यांनी मराठी विभागात नाव द्यावे.